खापराची जात

उन्हाळा तोंडावर आला की खानापूरकडच्या घागरी बेळगावच्या रस्त्याकडेला मांडल्या जातात. जाणती बाई आधी टिचकी मारते. ‘टण्ण’ वाजली तर भाव विचारते, ‘बद्द’ वाजली तर पुढच्या घागरीकडे वळते. तडा असेल तिथं दोन कडा एकमेकींवर घासतात, कंप तिथंच जिरतो आणि आवाज मरतो. परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे.

ही घागर म्हणजे सिरॅमिक. शब्द ग्रीक ‘केरामोस’वरून आला, अर्थ कुंभाराची माती. आता व्याख्या ऐसपैस झालीय: धातू नाही, सेंद्रिय नाही आणि भट्टीत तापवून घट्ट केलेला पदार्थ. वीट, कौल, लोणच्याची बरणी, सगळी एकाच भावकीतली.

उन्हात वाळलेली घागर पाण्यात बुडवा, चिखल होईल. भाजलेली बुडवा, काही होत नाही. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, 500-600 अंश सेल्सिअसला मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं. हा नुसता ओलावा नव्हे, तो कधीच वाळलेला असतो. हे पाणी गेलं की माती पुन्हा माती होत नाही. पुढं 900च्या आसपास कण कडांना मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून तर बेळगावजवळ वडगाव-माधवपूरला सातवाहनांच्या काळातली खापरं मातीत शाबूत राहिली. घरं गेली, लाकूड कुजलं, खापर तसंच.

कारण त्यात जळायला-गंजायला काही उरलेलंच नसतं. बेळगावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अल्युमिना काढतात, ती पांढरी पूड बघा. अल्युमिनियम 660 अंशाला वितळतं. तेच ऑक्सिजनशी जोडून बसलं की अल्युमिना होतं आणि मग वितळायला 2000 अंशांच्याही वर जावं लागतं. मोटारसायकलच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग याचाच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंडाचा रस भट्टीत धरून ठेवणारं अस्तरसुद्धा याच जातीचं. लोखंडाचं नाव होतं, पण त्याला सांभाळते भाजलेली माती.

मग घागर हातातून सुटली की ठिकऱ्या का? लोखंडात अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पट्टी वाकते. सिरॅमिकमधले अणू शेजाऱ्याला इतके घट्ट धरून असतात की सरकायला वावच नाही. भेग सुटली की आरपार जाते. दाब मात्र ते मजेत झेलतं, विटेच्या भिंती उगाच उभ्या नाहीत. दातांवर बसवतात त्या झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकच्या कॅपमध्ये यावर नामी तोड काढलीय: भेगेच्या टोकाशी आलेले कण रूप बदलून किंचित फुगतात आणि भेगेचं तोंड दाबून टाकतात.

टिचकीचं उत्तर प्रत्येक सिरॅमिक आवाजानंच देतं असंही नाही. गॅस पेटवायचा लायटर घ्या. खटका दाबला की आतली हातोडी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेल्या एका सिरॅमिक कांडीवर आपटते. दाबामुळे कांडीतले विद्युतभार जागचे हलतात, हजारो व्होल्ट तयार होतात आणि टोकाशी ठिणगी उडते. ना सेल, ना चार्जिंग.