आकडी आलेल्या मुलाला कांदा हुंगवावा का?

"आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवा, मूल लगेच शुद्धीवर येतं," हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. तो खरा वाटणं साहजिक आहे. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. आकडी येते ती मेंदूतल्या विद्युत संदेशांच्या गडबडीमुळे, वासाने ती थांबत नाही. पडताळायचं तर घड्याळ बघा, दुसरं कुणी जवळ असल्यास मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ते डॉक्टरांना दाखवा.

मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा ही पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी आकडी थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो त्यांनी सांगितलेल्या वेळी द्या.

आता हेच पाळणाघरात घडलं तर? मुलाजवळची ताई जागची हलू शकत नाही. मग फोन कोण करणार, रांगणारी बाकीची बाळं कोण बघणार? म्हणून फी, खेळणी, जागा यांच्याही आधी मी हे विचारेन: दुपारी एक ताई जेवायला गेली, तरी प्रथमोपचार शिकलेल्या दोघीजणी मुलांजवळ असतात का? आणि स्प्रे कुठे ठेवलाय, हे प्रत्येकीला वेगवेगळं विचारा.