स्प्रेडशीट प्रोग्रॅमिंग : वित्तक्षेत्रातील कौशल्य आणि पुण्यातील शिक्षण

स्प्रेडशीट प्रोग्रॅमिंग : रकाने आणि ओळींच्या तक्त्यात सूत्रे, फंक्शने (तयार सूत्रे) व मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) लिहून हिशेब, ताळमेळ आणि आर्थिक अंदाज मांडण्याचे कौशल्य. नुसते आकडे भरून बेरीज मारण्याला हे नाव शोभत नाही. एका सेलमधले (तक्त्यातल्या चौकोनातले) सूत्र दुसऱ्या सेलवर विसंबते, तो तिसऱ्यावर. मुळाचा आकडा बदलला की पुढचे सगळे पुन्हा मोजले जाते. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि तेरजेवरून ताळेबंद ही मराठी जमाखर्चाची साखळी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला ही विद्या परकी वाटत नाही.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम १९७९ मध्ये ॲपल २ संगणकावर आला. १९८३ मध्ये लोटस १-२-३, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे एक्सेल. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए ही प्रोग्रॅमिंगची भाषा जोडली गेली. एका शीटमधल्या ओळी २००७ च्या आवृत्तीत ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या.

पुण्यात या कौशल्याला मागणी येते ती अनेक दिशांनी. बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्यालय शिवाजीनगरच्या ‘लोकमंगल’मध्ये आहे, बजाज समूहाच्या वित्त कंपन्या येथल्याच, आणि खराडी, मगरपट्टा, हिंजवडी भागांत परदेशी बँकांसाठी हिशेब, जोखीम व अहवालांचे काम चालते. सीएंची कार्यालये तर पेठापेठांतून आहेत. विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा एमएस-सीआयटीत होते (हा अभ्यासक्रम चालवणारे एमकेसीएल पुण्याचेच). वाणिज्य महाविद्यालय आणि खासगी क्लास पुढची पायरी दाखवतात. पण खरे शिक्षण आर्टिकलशिपमध्ये (सीए होण्याआधीच्या उमेदवारीत) किंवा पहिल्या नोकरीत, शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरची शीट उघडून, एकेक सूत्र उलगडत होते. या शिक्षणाला प्रमाणपत्र नाही, आणि तरी त्याच्याइतके पक्के दुसरे काही नाही.

शिकण्याचा क्रम साधारण ठरलेला असतो: सम-इफ्स (अटींनुसार बेरीज), पिव्हट (आकड्यांचा गोषवारा), शोध घेणारी फंक्शने, मग वित्तीय फंक्शने, पॉवर क्वेरी (बाहेरचे आकडे आणून स्वच्छ करणारे साधन) आणि शेवटी व्हीबीए. यातला शोधाचा टप्पा घाईने उरकू नये. व्हीलुकअप या तक्त्यात नोंद शोधणाऱ्या फंक्शनचा शेवटचा भाग लिहायचा राहिला तर ते तंतोतंत जुळणीऐवजी जवळची नोंद उचलते आणि चूक असल्याची कसलीही खूण दाखवत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेले त्याच कामाचे एक्सलुकअप मुळातच तंतोतंत जुळणी धरते. तरी जुन्या फायलींतून व्हीलुकअप भेटतच राहते, म्हणून दोन्ही यायला हवीत.

वित्तीय फंक्शनांत पहिला धडा मासिक हप्त्याचा. दहा लाखांचे कर्ज, वार्षिक ९ टक्के व्याज, २४० महिने: पीएमटी फंक्शन सुमारे ८,९९७ रुपयांचा हप्ता देते. दराला बारांनी भागायला विसरले, तर उत्तर जवळजवळ ९०,००० येते. असले उत्तर पाहून ज्याचा हात थांबतो त्याला व्याज कळले आहे. फंक्शन नंतरही पाठ करता येते. आयआरआर (पैशाच्या देण्याघेण्यातून निघणारा परताव्याचा दर) शिकायला घरचे उदाहरण म्हणजे लिलावाची भिशी. दर महिन्याला दिलेली रक्कम ऋण, मिळालेली धन अशी ओळीने मांडली की लवकर उचल घेणाऱ्याला पैसा महिना किती टक्क्यांनी पडला ते समोर येते. तारखा अनियमित असतील तर एक्सआयआरआर वापरतात. ते वार्षिक दर देते.

सर्वांत जास्त घात करतात त्या तारखा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन मांडणीत महिना आधी येतो. बँकेचे स्टेटमेंट अशा मांडणीच्या संगणकावर उघडले, तर ०१/०४/२०२४ म्हणजे १ एप्रिलची नोंद ४ जानेवारीची होते आणि सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. १३ तारखेपासूनच्या नोंदी तर तारीखच राहत नाहीत, मजकूर बनतात आणि महिनावार बेरजेतून गळतात. शीट मात्र व्यवस्थित दिसते. तसेच खाते क्रमांकांचे: एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपते, सोळावा शून्य होतो. म्हणून तो रकाना भरण्याआधीच मजकूर म्हणून ठरवावा लागतो.

चुकांची किंमत मोठी असते. अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या, सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांवरील निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट तपासली तेव्हा ते उघड झाले. निबंधावरचे इतर आक्षेप वेगळे होते. हर्नडनला ते शोधता आले, कारण मूळ फाईल त्याच्या हाती आली होती आणि सूत्रे वाचता येत होती. पुण्यातल्या नवशिक्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा: आपली शीटही एक दिवस कोणीतरी अनोळखी माणूस उघडणार असतो.

त्यामुळे जाणती मंडळी काही शिस्ती पाळतात. व्याजदर, कराचा दर, वाढीचा अंदाज ही गृहीतके वेगळ्या शीटवर ठेवतात, सूत्राच्या पोटात आकडा कोंबत नाहीत. हाताने भरलेले आकडे निळे आणि सूत्रे काळी, हा वित्तक्षेत्रातला रूढ संकेत आहे. ताळेबंदाखाली एक तपासणीचा सेल असतो: मालमत्तेतून देणी आणि भांडवल वजा केले की तिथे शून्य यावे.

व्हीबीए शिकावे का, हा प्रश्न आता वारंवार निघतो. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, २०२३ मध्ये एक्सेलमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाहीर झाली, आणि आकडे स्वच्छ करण्याचे बरेच काम पॉवर क्वेरीने उचलले. तरी महिनाअखेरीचे अहवाल कितीतरी ठिकाणी जुन्या मॅक्रोंवरच चालतात. नवे मॅक्रो लिहिता आले नाहीत तरी दुसऱ्याचे वाचता येणे नोकरीत उपयोगी पडते. सरावाला क्लासच्या नमुना फायलींपेक्षा आपल्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब चांगला. त्यात थकबाकी असते, मध्येच बदललेला दर असतो, दोनदा चढवलेली पावती असते, आणि तपासणीच्या सेलमध्ये पहिल्या फटक्यात शून्य येत नाही.