तुरुंगातल्या कॉलमध्ये लपवलेली खूण

अमेरिकेतल्या तुरुंगांत कैद्याला सहसा मंजूर नंबरांवरच फोन लावता येतो आणि वकिलाशी होणारं बोलणं सोडलं तर बहुतेक कॉल रेकॉर्ड होतात. तरी पळवाट आहेच. कैदी बहिणीला फोन लावतो आणि ती त्याच कॉलमध्ये तिसऱ्या माणसाला जोडते. नोंदीत फक्त बहिणीचा नंबर दिसतो, पण धमकी पोचते साक्षीदारापर्यंत.

लँडलाइनवर तिसरा कॉल जोडताना फोनचा खटका क्षणभर दाबावा लागे. जुनी यंत्रणा तो 'खट्' आणि त्यानंतरची शांतता टिपायची. मोबाइलवर खटकाच नाही. शिवाय कुणी दार उघडायला उठलं तरी शांतता पसरते आणि उगाच संशय येतो.

दोन वेगळ्या तुरुंगांतले कैदी बाहेरच्या एकाच माणसामार्फत जोडले गेले, तर त्यांना पकडायला आवाजातच कानाला न जाणवणारी खूण लपवण्याची युक्ती फार उपयोगी पडते. अमेरिकेत अशा पद्धतींची पेटंटं घेतलेली आहेत. एका तुरुंगातून जाणाऱ्या आवाजात मिसळलेली खूण दुसऱ्या तुरुंगाच्या लाइनवर सापडली, की जोडणी उघड होते.

साध्या फोनवर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापं, घेतले जातात. प्रत्येक नमुन्यात अधिक-उण्यांच्या गुप्त क्रमानुसार किंचित भर घालायची किंवा घट करायची. पलीकडे त्याच क्रमाने नमुन्यांना गुणून बेरीज करायची. बोलण्याचा त्या क्रमाशी संबंध नसल्याने त्यातले अधिक-उणे बरेचसे एकमेकांना खोडतात, खूण मात्र साचत जाते. ५ सेकंदांत ४०,००० नमुने होतात. ढोबळमानाने खूण ४०,००० पट वाढते, तर बोलण्याची बेरीज साधारण २०० पटच. कानाला न जाणवणारी गोष्ट गणिताला अशी स्पष्ट दिसते, हे मला विलक्षण वाटतं.

खरी झुंज मोबाइलशी आहे. लँडलाइनच्या डिजिटल जाळ्यात सेकंदाला ६४,००० बिट लागतात. जीएसएम या मोबाइल तंत्राच्या मूळ पद्धतीत आवाज १३,००० बिटांत बसवला जातो. त्यासाठी कानाला जे जाणवत नाही ते टाकून दिलं जातं, आणि खूण तर तिथेच लपलेली असते! म्हणून ती ठळक स्वरांच्या आडोशाला थोडी जोरकस ठेवतात आणि शांततेत मंद करतात.

ही खूण कोण काय बोललं ते सांगत नाही, आवाज कुठून आला एवढंच सांगते. कुटुंबाच्या खासगी बोलण्याला कान लावण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. पण दोन फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवले, तर खोलीतला प्रतिध्वनीही मिसळतो. तेव्हा ५ सेकंद पुरतीलच असं नाही. क्रम पुढे-मागे सरकवत जुळवावा लागतो आणि जास्त वेळ ऐकावं लागतं.