कंट्री संगीतात पॉप अलीकडेच घुसलं का?

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला गाण्यांचा प्रकार. 'अस्सल कंट्री म्हणजे फिडल (लोकशैलीत वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची गिटार). पॉपच्या थाटात गाणाऱ्या गटांनी ते अलीकडे बिघडवलं,' असं वर्षानुवर्षं फिरतंय. आजची गाणी ऐकली की ते सहज पटतं. तारखा मात्र वेगळं सांगतात.

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलने कंट्रीचे श्रोते ओढायला सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या निर्मात्यांनीच फिडल, स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणला आणि गायकामागे मऊ कोरस उभा केला. हाच 'नॅशव्हिल साउंड'. चौघांनी मिळून गाण्याची रीत तर त्याहून जुनी, गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) गाणाऱ्या चौकड्यांची: तळाला खर्जातला बास, वर टेनर, मध्ये बॅरिटोन आणि मुख्य सूर. आणि ज्या स्टील गिटारला आपण अस्सल म्हणतो, तीही हवाईहून आलेली!

पडताळायचं असेल तर 1950 च्या सुमाराचं एक आणि 1962 च्या सुमाराचं एक अशी दोन कंट्री गाणी हेडफोन लावून ऐका. दुसऱ्यात ओळ संपते तिथे मागून हलकेच 'ऊऽऽ' येण्याची शक्यता बरीच. फक्त मूळ ध्वनिमुद्रणाचं साल बघा. ॲपवर अनेकदा नंतरच्या संकलनाचं साल असतं.