रॉथ कन्व्हर्जन: किती रक्कम वळवायची, कोणता कागद लागतो आणि लोक कुठे अडतात

अमेरिकेत ट्रॅडिशनल आयआरएतले (स्वतः उघडलेले निवृत्तीखाते, कर सहसा पैसे काढताना) किंवा जुन्या नोकरीच्या ४०१(के)मधले (नोकरीतून मिळणारे निवृत्तीखाते) पैसे रॉथ आयआरएत (कर आधी भरायचा, नंतर काढलेले सहसा करमुक्त) वळवणे म्हणजे रॉथ कन्व्हर्जन. त्याला २०१० पासून उत्पन्नाची अट नाही, रकमेलाही मर्यादा नाही. पगार जास्त म्हणून आपल्याला जमणार नाही, असे समजून बसलेले खूप जण भेटतात. ती अट रॉथमध्ये थेट पैसे भरण्यासाठी आहे. वळवण्याचा अर्ज खाते असलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावर सहज होतो.

मुदत मात्र नीट वाचा. १५ एप्रिल ही आयआरएत वर्गणी भरण्याची तारीख. कन्व्हर्जन त्या वर्षात धरायचे असेल तर पैसे ३१ डिसेंबरच्या आत खात्यातून निघायला हवेत. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. २०१८ पासून एकदा वळवलेली रक्कम मागे फिरवता येत नाही, म्हणून वर्षाचे उत्पन्न जवळपास कळले की नोव्हेंबरातच आकडेमोड करा.

किती वळवायचे हे कराच्या टप्प्यावरून ठरते, कारण वळवलेली करपात्र रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते. एक निवृत्त जोडपे घ्या, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) अजून सुरू न केलेले. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) वजा जाता २०२६ चे करपात्र उत्पन्न ८०,००० डॉलर. एकत्रित रिटर्नमध्ये १२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० ला संपतो. म्हणजे जागा २०,८०० ची, कर २,४९६. त्यापुढच्या प्रत्येक डॉलरवर २२ टक्के. सगळे खाते एकाच वर्षी रिकामे करण्याची घाई कृपया करू नका. वयाच्या ६३ व्या वर्षी फुगलेले उत्पन्न ६५ व्या वर्षी मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता वाढवू शकते, कारण तिथे दोन वर्षांपूर्वीचे रिटर्न बघतात.

अर्जात 'कर कापून घ्यायचा का' असा प्रश्न येतो आणि लोक सवयीने हो म्हणतात. वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर कापलेली रक्कम रॉथमध्ये न पोहोचता मुदतीआधी काढलेली धरली जाते आणि तिच्यावर साधारणपणे वर १० टक्के दंड बसतो. कर बाहेरच्या बचतीतून भरा. तेवढी बचत नसेल तर कमी वळवा. वळवलेली रक्कमही या वयाआधी, पाच वर्षांच्या आत काढली तर तोच दंड लागू शकतो.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: जुने फॉर्म ८६०६. आयआरएत वजावट न घेता भरलेल्या पैशांची नोंद फक्त त्यावर राहते. नोंद नसेल तर एकदा कर भरलेल्या पैशावर पुन्हा कर बसतो. कंपनी हा हिशेब ठेवत नाही, आणि नागरिकाने दहा-पंधरा वर्षांचे कागद जपावेत ही आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) अपेक्षा कठोरच आहे. जुनी रिटर्न आणि दरवर्षी येणारे फॉर्म ५४९८ (आयआरएत भरलेल्या वर्गणीची नोंद) शोधा. फॉर्म भरायचाच राहिला असेल तर उशिरा भरता येतो. त्याचा दंड ५० डॉलर, आणि सबळ कारण दिले तर तोही माफ होऊ शकतो.

शिवाय, 'फक्त करमुक्त पैसे वळवतो' असे चालत नाही. ७,००० डॉलर वजावट न घेता भरले आणि दुसऱ्या आयआरएत कर न भरलेले ६३,००० पडून असतील, तर ७,००० वळवल्यावर फक्त ७०० करमुक्त. सगळ्या आयआरएंची ३१ डिसेंबरची शिल्लक एकत्र धरतात. सध्याचा ४०१(के) स्वीकारत असेल तर ते ६३,००० त्याआधी तिकडे हलवा.

वय ७३ झाले असेल तर त्या वर्षी खात्यातून काढावीच लागणारी किमान रक्कम आधी काढा. ती वळवता येत नाही.

कायमचे भारतात परतणाऱ्यांसाठी: 'तिकडे गेल्यावर अमेरिकेतले उत्पन्न शून्य, तेव्हा स्वस्तात वळवू' हा हिशेब ग्रीन कार्डवाल्यांचा हमखास चुकतो. कार्ड सोडून नॉन-रेसिडेंट झालात की स्टँडर्ड डिडक्शन सहसा मिळत नाही, एकत्रित रिटर्नही नाही. आणि रॉथमधली रक्कम अमेरिकेत करमुक्त असली म्हणून भारतात आपोआप करमुक्त होत नाही. दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या सीएला गाठा, परतीचे वर्ष ठरवण्याच्या आधी.