खडीवर वॉट गळतात कुठे?

सायकल तीच, पाय तेच, वाराही पडलेला. तरी डांबर संपून खडी सुरू झाली की वेग उतरतो आणि थोड्याच वेळात मांड्या भरून येतात. ग्रॅव्हलच्या, म्हणजे खडीच्या वाटांवरच्या सायकलिंगच्या, पहिल्या हंगामात जवळजवळ प्रत्येक हौशी सायकलपटू याचं खापर आपल्या दमावर फोडतो. खरं तर हिशेब वेगळाच आहे.

सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरू. सपाट रस्ता, वेग ताशी २५ किमी. एवढ्या वेगाला हवा कापण्यात साधारण ७० वॉट जातात. चांगल्या डांबरावर टायर फिरवत ठेवायला आणखी तीसेक वॉट लागतात, म्हणजे शंभरात काम भागतं. तोच वेग दाबलेल्या खडीवर राखायचा तर हवेचा वाटा तेवढाच राहतो, पण टायरचा वाटा तिसावरून सत्तरीच्या घरात जातो. चाळीस वॉट वाढले! दिवसभर १४०-१५० वॉटवर पेडल मारू शकणाऱ्यासाठी ही चैन नाही, पाव पगार आहे.

हे चाळीस वॉट दोन वाटांनी गळतात. एक वाट रबराची. टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो, पुढे गेला की परत फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. दुसरी वाट खुद्द स्वाराच्या अंगातली. प्रत्येक दगडावर सायकल इंचभर उचलली जाते आणि आपटते. त्या हादऱ्याने दंड, पोटऱ्या, पोट, गालसुद्धा थरथरतात आणि ती थरथर शमवण्यात ऊर्जा जिरते. पुढे जाण्यासाठी पायांनी दिलेली ताकद शरीर स्वतःच हलण्यात खाऊन टाकतं.

ही दुसरी गळती बराच काळ कुणाच्या हिशेबातच नव्हती. टायर जेवढा टणक तेवढी सायकल वेगवान, असं कित्येक दशकं मानलं गेलं, आणि प्रयोगशाळाही तेच सांगत होती. कारण टायरची चाचणी व्हायची गुळगुळीत लोखंडी ड्रमवर, आणि तिथे स्वाराऐवजी वजन टांगलेलं असायचं. वजनाला मांड्या नसतात. ड्रमवर हवा वाढवत नेली की विरोध घटत जातो. खऱ्या रस्त्यावर मात्र एका दाबानंतर तो पुन्हा वाढू लागतो, कारण रबराची बचत होते त्याहून जास्त हादरे वाढतात. रस्ता जेवढा खडबडीत, तेवढा हा वळणबिंदू लवकर येतो.

म्हणून ग्रॅव्हलचे टायर ४० ते ५० मिमी रुंद असतात आणि त्यांत ३० पीएसआयच्या आसपासच हवा असते. डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगमधून आलेल्याला एवढा कमी आकडा बघून धडकी भरते. पण टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि टायरची रुंदी या दोहोंच्या गुणाकाराने ठरतो. टायर दुप्पट रुंद असेल तर निम्म्या दाबातही तेवढाच ताणलेला राहतो. बरोबर दाब सापडला की आवाजच बदलतो: खडखडाट जाऊन चाकाखालून दबकी चरचर ऐकू येते. हवा त्याखाली नेली तर मात्र वळणावर टायर रिमवर लडबडतो, आणि मोठा दगड आला की रिमवर ठण्णकन बसतो.

कमी दाब परवडतो तो ट्यूबलेसमुळे. आत ट्यूबच नसल्याने रिम आणि दगडाच्या कैचीत ती चिमटण्याचा प्रश्न मिटतो, आणि टायरमध्ये फिरणारं पातळ लॅटेक्स बारीक भोकं बुजवतं. काटा घुसला की फुस्स आवाज येतो, भोकातून पांढरे बुडबुडे उडतात. चाक फिरवून भोक खाली धरलं तर द्रव तिथे जमतो आणि बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात आवाज बंद होतो. लांब चिरेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातून निघणारी ‘अनबाउंड’ ही ग्रॅव्हलची सर्वांत नावाजलेली शर्यत. २००६ साली ३४ जणांनी सुरू झालेल्या या स्पर्धेला आता हजारो जण येतात. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किमी, आणि वाट फ्लिंट हिल्समधून. फ्लिंट म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड. अश्मयुगातल्या माणसाने पाती घडवली ती याचीच. त्याच्या धारदार कपच्या टायरची बाजू सरळ चिरतात, त्यामुळे तिथे जाणारा स्वार जाड बाजूचा, वजनदार टायर निवडतो आणि रबराची थोडी गळती मुद्दाम पत्करतो.

हादरे हातांनाही सोडत नाहीत. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला मनगटाशी एक अरुंद बोगदा आहे आणि त्यातून अल्नर नावाची नस जाते. हँडलबारचा दाब नेमका तिथे पडतो. तासन्‌तास तो पडत राहिला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. शर्यतीनंतर शर्टाचं बटण लावताना बोटं जणू दुसऱ्याचीच वाटतात. पकड बदलत राहणं, बार थोडा वर घेणं, हवा कमी करणं हे उपाय साधेच आहेत. बधिरपणा बहुतेकांचा काही दिवसांत जातो, पण तो रेंगाळला किंवा बोटांची ताकद कमी वाटली तर डॉक्टर गाठावा. मर्दुमकी म्हणून मिरवण्याची ही गोष्ट नव्हे.

आता इंधन. पेडलवर १४० वॉट उतरवायचे तर शरीर त्याच्या चौपटीहून जास्त ऊर्जा जाळतं. उरलेली उष्णता होऊन घामावाटे जाते. तासाला साधारण ५०० किलोकॅलरी. ३२० किमी ताशी २५ ने काटले तर सुमारे १३ तास आणि साडेसहा हजार किलोकॅलरी, तेही चढ न धरता. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सारं मिळून दोनेक हजार किलोकॅलरीचं. चरबीचा साठा काटक माणसाकडेही कित्येक पटींनी मोठा, पण ती सावकाश जळते. जोर वाढवला की शरीर चरबी सोडून साखरेकडे वळतं आणि ग्लायकोजेन भराभर संपतं. मग अचानक पाय गळतात, डोकं बधिर होतं, उगाच रडू येतं. सुरुवातीच्या तासात पुढच्या घोळक्याला चिकटून राहिलेल्यांची अशी अवस्था दुपारपर्यंत रस्त्याकडेला दिसू लागते.

खाऊन हा खड्डा किती भरता येईल, यालाही मर्यादा आहे, आणि ती पोटाच्या आकाराची नाही. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं तासाला ६० ग्रॅमच्या आसपास थकतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिसळून घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. मात्र पायांकडे पळणाऱ्या रक्ताने आतड्याकडे पाठ फिरवलेली असते. सवय नसताना एवढं गोड ढोसलं तर मळमळ ठरलेली. हंगामाआधी पायांबरोबर आतड्यांचीही तालीम घ्यावी लागते ती यामुळे.

हंगामभराच्या सरावाने नेमकं काय बदलतं, याचं मूळ १९६७ साली संशोधक जॉन होलोझी यांनी दाखवलं. ट्रेडमिलवर बारा आठवडे पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. मायटोकाँड्रिया वाढले की तोच वेग जास्त चरबीवर आणि कमी साखरेवर निघतो. त्यासाठी रोज जीव काढायची गरज नसते. बोलता येईल अशा वेगाने केलेल्या लांब राइड हे काम निमूट करतात. कंटाळवाण्या असतात, हे मान्य.

लांब पल्ल्यात रात्र आली की पायांपेक्षा मेंदू आधी हात टेकतो. पहाटे तीन ते पाच हा सर्वांत वाईट काळ: शरीराचं तापमान तळाला आणि झोपेचा दाब शिगेला. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून घेतो आणि स्वाराला त्याचा पत्ताही नसतो. १९८३ च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये ८३ तास न झोपलेल्या मायकेल शर्मर यांना आपल्याच मदतनीसांची गाडी परग्रहवासीयांचं यान वाटली आणि माणसं परग्रहवासी. दीड तास झोप काढल्यावर ती पुन्हा माणसं झाली. हेच शर्मर पुढे अशा दाव्यांची चिरफाड करणाऱ्या ‘स्केप्टिक’ नियतकालिकाचे संपादक झाले.

पण झोपेला वेळ आणायचा कुठून? फ्रान्समध्ये १८९१ पासून चालत आलेल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमेचं उदाहरण घ्या. आज तिथे सुमारे १,२०० किमीला जास्तीत जास्त ९० तास मिळतात आणि घड्याळ तुम्ही झोपलात म्हणून थांबत नाही. चालता वेग ताशी २२ किमी असेल तर सायकलवर साडेचोपन्न तास जातात. तो २३ केला तर सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ वाचतो, पण त्यासाठी सपाटीवरही अकरा टक्के जादा ताकद लावावी लागते, ती दोन-तीन दिवस सलग. दुसरीकडे, पंधरा थांब्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं कमी रेंगाळलं तर अडीच तास मोकळे होतात. बाटली भरताना खाऊन घेतलं, फोन खिशातच ठेवला, एवढ्यात ते जमतं.