ड्रॅगन गेले कुठे? एका शेवटच्या पुस्तकाची पार्श्वभूमी

‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ या मुलांच्या पुस्तकमालिकेचं बारावं आणि शेवटचं पुस्तक, ‘हाउ टू फाइट अ ड्रॅगन्स फ्युरी’, सप्टेंबर २०१५ मध्ये आलं. आपल्याकडे लातूर, परभणी, नांदेडच्या मुलांना ही गोष्ट बहुधा आधी पडद्यावर भेटते. पुस्तकं मागाहून येतात, आणि तीही मिळतील त्या क्रमानं. मग थेट बारावं हाती पडलं की मूल गोंधळतं. सिनेमातला काळाभोर, देखणा ड्रॅगन टूथलेस इथे चिमुकला, हट्टी आणि तोतरा आहे. माणसं आणि ड्रॅगन यांची दोस्ती तर राहिलीच बाजूला, दोघांपैकी एक जमात दिवस मावळेपर्यंत संपणार अशी वेळ आलेली आहे. हे वैर कुठून आलं, ते आधी माहीत असायला हवं.

लेखिका क्रेसिडा कॉवेल. तिच्या लहानपणी कुटुंब सुटीत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर जाऊन राहायचं. तिथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, सुरुवातीला घरसुद्धा नव्हतं. पुढे दगडाचं एक छोटं घर उभं राहिलं, होडी आली, मासे धरून जेवण होऊ लागलं. रात्री मेणबत्तीचा उजेड आणि वडिलांच्या तोंडून व्हायकिंगांच्या गोष्टी. भारनियमनाच्या रात्री अंगणात आजीकडून गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ती शाळकरी वयातच व्हायकिंग आणि ड्रॅगन लिहू लागली, चितारू लागली. पुस्तकांतली शाईचे डाग पडलेली, ओबडधोबड चित्रंही तिचीच आहेत.

ते व्हायकिंग मात्र कल्पनेतले नव्हेत. त्याच किनाऱ्यावरच्या आयोना बेटावरच्या मठावर ७९५ मध्ये नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंग, दर्यावर्दींची धाड पडली. मुलांना हा काळ कळावा म्हणून मी वेरूळचं नाव घेते. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीशी, म्हणजे सुमारे ७५६ ते ७७३ या वर्षांशी, कैलास लेणं जोडलं जातं. आपल्या डोंगरात छिन्नी चालली, त्यानंतर एका पिढीतच तिकडे त्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या. पुढे ही बेटं कित्येक शतकं नॉर्स सत्तेखाली राहिली आणि १२६६ च्या पर्थच्या तहानं स्कॉटलंडकडे गेली.

हिकप हे मालिकेच्या नायकाचं पात्र पहिल्यांदा २००० साली एका चित्रपुस्तकात आलं, बोट लागणारा व्हायकिंग मुलगा म्हणून. मालिका सुरू झाली ती २००३ मध्ये. तिची मांडणी अशी की म्हातारा झालेला हिकप आपल्या आठवणी लिहितो आहे आणि लेखिका त्या जुन्या नॉर्स भाषेतून फक्त उतरवून देते आहे. पहिल्याच पुस्तकाच्या आरंभी हा म्हातारा सांगून टाकतो की त्याच्या लहानपणी ड्रॅगन होते. होते, म्हणजे आता नाहीत. ते गेले कुठे, या प्रश्नाचं उत्तर वाचकाला बारा वर्षांनी, बाराव्या पुस्तकात मिळालं.

मधली वाट समजली की शेवटाचं वजन कळतं. २०१० च्या सिनेमात माणसं आणि ड्रॅगन आधी शत्रू असतात, मग मित्र होतात. पुस्तकांत नेमकं उलटं घडतं. तिथे सुरुवातीलाच व्हायकिंगांनी ड्रॅगन पाळलेले आहेत. पोरांनी गुहेतून झोपलेलं पिल्लू उचलून आणायचं, दरडावून माणसाळवायचं, शिकारीला जुंपायचं. पहिल्या काही पुस्तकांत हे सगळं गमतीचं वाटतं. एकटा हिकप दरडावत नाही, कारण त्याला ड्रॅगनांची भाषा येते. मग सातव्या पुस्तकात त्याच्याच अंगावर गुलामीची खूण डागली जाते आणि ती त्याला शिरस्त्राणाखाली लपवावी लागते. इथून गोष्टीचा रंग पालटतो, आणि लेखिकेनं तो पालटू दिला याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. आठव्यात हिकप फ्युरिअस नावाच्या प्रचंड ड्रॅगनला साखळ्यांतून सोडवतो. हा शंभर वर्षं बंदिवासात होता. त्याचं दुःख जुनं आहे: त्याच्यासोबत भावासारखा वाढलेला, हिकप याच नावाचा एक पूर्वज ड्रॅगनांच्या मुक्ततेसाठी शांतपणे मागणं घेऊन आला होता, आणि त्याचा बाप ग्रिमबिअर्ड यानं त्याला ठार केलं. पश्चात्तापानं पोळलेल्या ग्रिमबिअर्डनं राजपदाच्या वस्तू ठिकठिकाणी दडवल्या. त्या दहा वस्तू जो गोळा करील तो राजा. त्यातल्या एका रत्नात ड्रॅगनांचा समूळ नाश करण्याची ताकद आहे. फ्युरिअस सुटला आणि नवव्या पुस्तकापासून बंड पेटलं. बाराव्यातलं युद्ध हे त्या जुन्या खुनाचं फेडणं राहिलेलं देणं आहे.

हे वाचताना मला पैठण आठवतं. सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याची कथा ‘कथासरित्सागरा’त आली आहे. पैजेत हरून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, रानात जाऊन पैशाची नावाच्या चौथ्याच भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली. तेव्हा डोंगरावर अग्नी पेटवून तो एकेक पान मोठ्यानं वाचू लागला आणि आगीत टाकू लागला. भोवती पशुपक्षी चरणं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात सोमदेवानं आणि क्षेमेंद्रानं संस्कृतात सांगितलेल्या रूपांतून आपण तिच्यापर्यंत पोचतो. माणसांनी नाकारलेलं बोलणं प्राण्यांनी ऐकून घेतलं, ही कल्पना गोदाकाठच्या मुलाला नवी नाही. ज्या घरात ही गोष्ट सांगितली जाते, तिथे ड्रॅगनांशी त्यांच्या भाषेत बोलणारा हिकप लगेच आपला होतो.

शेवट इथे फोडत नाही. एवढं सांगते की २०१९ चा तिसरा सिनेमाही वेगळ्या वाटेनं ड्रॅगन जगाआड जाण्यापाशीच येऊन थांबतो. त्याच वर्षी कॉवेल ब्रिटनची बालसाहित्याची ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ झाली आणि २०२२ पर्यंत त्या पदावर होती.

सगळी बारा पुस्तकं परवडणार नसतील, तर वाचनालयानं किंवा पालकांनी पहिलं घ्यावं आणि मग सातव्यापासून पुढची सलग घ्यावीत. आठवं आणि नववं वगळू नये, फ्युरिअसची बाजू तिथेच कळते. आणि बारावं दहा वर्षांच्या आतल्या मुलानं एकट्यानं वाचण्यापेक्षा घरातल्या कुणी सोबत बसून वाचावं, कारण त्यात मरणं आहेत आणि ती खरी वाटतात.